विश्लेषण : तोंडापासून गुदाशयापर्यंत... कॅन्सरचा माग काढणारे डॉ. वसंत खानोलकर कोण होते?

कॅन्सर नशिबाने होतो की सवयीने, या प्रश्नाचे उत्तर परळच्या एका प्रयोगशाळेत ८० वर्षांपूर्वी शोधले जात होते. जुन्नर-आंबेगावच्या अनेक घरांत आजही असलेल्या मिसरीच्या डबीशी त्या उत्तराचा थेट संबंध आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत एखाद्याला टाटाला नेले, एवढेच कानावर आले तरी पुढचे काही विचारावे लागत नाही. माळशेज घाटातून कल्याणमार्गे किंवा पुण्यावरून परळला जाणारी ही वाट इथल्या अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. डबेवाले, गिरणी कामगार, भाजीबाजारातले हमाल आणि व्यापारी म्हणून इथल्या पिढ्या मुंबईत गेल्या. त्यामुळे परळ-लालबाग या भागाला परके नव्हतेच.

मात्र परळहून परत येताना हातात जी फाईल असते, तिच्यातले शब्द परके वाटतात. बायोप्सी, ग्रेड, स्टेज, गाठींचा सहभाग. या शब्दांवरच रुग्णाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. हे शब्द लिहिणारा डॉक्टर रुग्णाला बहुधा भेटतही नाही. तो सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला असतो. भारतात या कामाची शिस्त घालून देणाऱ्यांत पहिले नाव घेतले जाते ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे.

खानोलकर कोण होते?

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. आडनावाचे मूळ वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोली या गावाकडे नेणारे. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्र विषयातली एमडी पदवी त्यांनी मिळवली.

त्या काळी परदेशातून मोठी पदवी घेऊन आलेला डॉक्टर दवाखाना थाटत असे किंवा शल्यचिकित्सक म्हणून नाव कमावत असे. खानोलकरांनी निवडलेल्या शाखेत पैसाही कमी होता आणि प्रसिद्धीही. रोग झालेल्या अवयवात नेमके काय बिघडले, हे शोधणे म्हणजे विकृतिशास्त्र. आपण ज्याला रोजच्या बोलण्यात पॅथॉलॉजी म्हणतो, ते हेच.

मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात हा विषय शिकवला. केईएम रुग्णालयाला जोडलेले हे दुसरे कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले. तिथले अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा प्रामुख्याने इंग्रजांकडे असताना ही अट मोठी होती. आपल्या लोकांच्या रोगांचा अभ्यास आपल्याच लोकांनी करायचा, या वातावरणात खानोलकरांची उमेदीची वर्षे गेली.

टाटा रुग्णालयाशी संबंध कसा आला?

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. पुढे त्यांच्या विश्वस्त निधीतून परळमध्ये कॅन्सरसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात आले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांकडे आली. इथे देशभरातून रुग्ण येत. बिहारचा मजूर, गुजरातचा व्यापारी, दख्खनचा शेतकरी, मुंबईतले पारशी आणि ख्रिस्ती असे सगळे एकाच दाराने आत येत होते. कोणत्या प्रदेशातल्या, कोणत्या समाजातल्या माणसाला शरीराच्या कोणत्या भागात कॅन्सर होतो, हे एका जागी बसून पाहण्याची अशी सोय देशात आधी नव्हती.

पॅथॉलॉजिस्ट नेमके काय पाहतो?

गाठीचा लहानसा तुकडा काढला जातो. तो फॉर्मालिनमध्ये ठेवून टिकवला जातो, मेणात घट्ट बसवला जातो आणि त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप घेतले जातात. हे काप काचेवर ठेवून जांभळ्या-गुलाबी रंगांनी रंगवले जातात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात.

निरोगी आतड्याच्या किंवा गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी शिस्तीत मांडलेल्या असतात. कॅन्सरमध्ये ही शिस्त मोडते. पेशी लहानमोठ्या होतात, त्यांची केंद्रके फुगतात आणि त्या अस्तराची सीमा ओलांडून खाली घुसतात. पेशी मूळ रूपापासून किती बदलल्या, यावरून ग्रेड ठरते. रोग किती खोल आणि किती दूर पसरला, यावरून स्टेज ठरते. ग्रेड रोगाचा स्वभाव सांगते, तर स्टेज त्याने किती मजल मारली ते सांगते. या दोहोंची गल्लत अनेकदा होते. ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेज नव्हे.

खानोलकरांनी या कामाला आणखी एक गोष्ट जोडली. काचेवरच्या पेशी ज्या माणसाच्या, तो माणूस कसा जगतो, काय खातो, काय चघळतो, काय ओढतो याची नोंद. तुकडा आणि माणूस यांची सांगड घातली, तरच रोगाचे कारण हाती लागेल, अशी त्यांच्या संशोधनाची दिशा होती.

भारतात कॅन्सर दुर्मीळ, असे का मानले जाई?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅन्सर हा पुढारलेल्या देशांचा रोग आहे आणि भारतात तो फारसा नाही, असा समज रूढ होता. आकडे वरवर पाहिले तर तसे दिसतही असे. पण त्यामागचे कारण वेगळे होते.

कॅन्सर प्रामुख्याने उतारवयात होतो. १९४० च्या दशकात भारतातले सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांच्या आसपास होते. मलेरिया, क्षय, पटकी, बाळंतपणातले मृत्यू यांतून वाचून पन्नाशी गाठणारेच कमी होते. शिवाय मृत्यूचे कारण नोंदवले जाण्याची सोय खेड्यांत नव्हती. पोटात गाठ होऊन कोणी गेले, तर ते पोटदुखीने गेले एवढेच घरच्यांना कळे. मोजलेच नाही, म्हणून दिसले नाही, असा हा प्रकार होता.

वयाचा हिशेब लावून पाहिले, की भारतीय माणसाला कॅन्सरपासून कोणतेही नैसर्गिक संरक्षण नाही, हे उघड होत होते. फरक होता तो जागेचा. युरोप-अमेरिकेत जठर, मोठे आतडे आणि गुदाशय यांचे कॅन्सर मोठ्या संख्येने दिसत. परळला येणाऱ्या पुरुषांत मात्र तोंड, जीभ, घसा आणि अन्ननलिका यांचे रुग्ण अधिक होते.

अन्नमार्ग ही ओठांपासून गुदद्वारापर्यंत जाणारी एकच लांब नळी आहे. तिकडे रोग नळीच्या खालच्या भागात आणि इकडे वरच्या, असे का? खानोलकरांच्या कामाच्या केंद्रस्थानी हा प्रश्न होता.

एक हजार रुग्णांनी काय सांगितले?

रुग्णालय सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली असताना, १९४४ मध्ये, खानोलकरांचा एक शोधनिबंध अमेरिकेतल्या कॅन्सर संशोधनाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंबईत पाहिलेल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा त्यात होता. ओळीने हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सोयीचे रुग्ण निवडून घेतले, की हवा तो निष्कर्ष काढता येतो. जो आला तो मोजला, तर असा पक्षपात टळतो.

तंबाखू आणि पान यांच्याकडे बोट दाखवणारे खानोलकर पहिले नव्हते. दक्षिणेत त्रावणकोर भागात काम करणाऱ्या ऑर या डॉक्टरने १९३३ मध्येच पान-तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध मांडला होता. खानोलकरांनी त्या निरीक्षणांना मोठ्या संख्येचा आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या पुराव्याचा आधार दिला.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यासह चालीरीतींशी निगडित असलेल्या, भारतात आढळणाऱ्या तीन नव्या प्रकारच्या कॅन्सरचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतला एक खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठामागच्या खाचेत धरून ठेवण्याची सवय असलेल्यांना नेमका तिथेच कॅन्सर होत होता. दुसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट काचणाऱ्या धोतरामुळे तिथल्या त्वचेला होणारा. रोगाची जागा सवयीचा पत्ता सांगत होती.

१९५५ च्या अभ्यासाचे महत्त्व काय?

इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला. पाचच वर्षांनी, त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध आला. तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातल्या कॅन्सरशी काय संबंध आहे, हा त्याचा विषय.

अभ्यासाची पद्धत समजायला सोपी आहे. एका बाजूला तोंड, घसा, अन्ननलिका यांचा कॅन्सर झालेले रुग्ण. दुसऱ्या बाजूला हा कॅन्सर नसलेले लोक. दोन्ही गटांना सवयींविषयी एकसारखे प्रश्न विचारायचे आणि तंबाखूचे प्रमाण कोणात किती, हे ताडून पाहायचे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीचा भारतातला हा सुरुवातीचा आणि ठळक नमुना होता.

त्यातून दिसलेले चित्र नळीच्या नकाशासारखे होते. तंबाखू चघळणाऱ्यांत रोग प्रामुख्याने तोंडाच्या पोकळीत. विडी ओढणाऱ्यांत तो आणखी आत, जिभेच्या मुळाशी आणि घशात. दोन्ही सवयी असतील तर धोका वाढलेला. धूर जिथे आदळतो आणि तंबाखूचा रस जिथे साचतो, तिथे अस्तर बिघडते, हे आकड्यांनी दाखवून दिले.

जात, वंश की सवय?

मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांत कॅन्सरचे प्रकार वेगवेगळे दिसत. पारशी स्त्रियांत स्तनांचा कॅन्सर अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा. हे फरक रक्तातूनच येतात, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. खानोलकर आणि संघवी यांनी तो घाईने काढला नाही. आपापसातच लग्नसंबंध करणाऱ्या मुंबईतल्या सहा समाजांची रक्तगटासारखी आनुवंशिक लक्षणे तपासून त्यांनी १९४९ मध्ये ती माहिती प्रसिद्ध केली. वारसा किती आणि राहणीमान किती, हे वेगळे करण्यासाठी आधी वारसा मोजायला हवा होता.

कॅन्सरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा आहेच, काही घराण्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर पिढ्यान् पिढ्या दिसतो. पण तोंड आणि घशाच्या बाबतीत सवयीचे पारडे जड होते. याचा अर्थ मोठा होता. वारसा बदलता येत नाही, सवय बदलता येते.

नळीच्या खालच्या टोकाचे काय?

परळमध्ये अन्नमार्गाच्या वरच्या टोकाचा अभ्यास सुरू होण्याच्या काही वर्षे आधी लंडनमध्ये खालच्या टोकाचे कोडे उलगडले जात होते. सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. जन्म १८९०, म्हणजे खानोलकरांपेक्षा पाच वर्षांनी मोठे. शल्यचिकित्सकांनी काढून दिलेली गुदाशये ते उलगडून पाहत आणि रोग कुठवर पोहोचला होता याची नोंद ठेवत. पुढे त्या रुग्णाचे काय झाले, तेही लिहून ठेवत.

१९३२ मध्ये ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कॅन्सरचे तीन वर्ग मांडले. अ वर्गात रोग गुदाशयाच्या भिंतीतच असतो. ब वर्गात तो भिंत ओलांडून बाहेरच्या ऊतींत जातो, पण आजूबाजूच्या लसीकाग्रंथी स्वच्छ असतात. क वर्गात त्या ग्रंथींतही रोग पोहोचलेला असतो. अ कडून क कडे जावे, तसे रुग्ण वाचण्याचे प्रमाण घसरत जाते. गाठ किती मोठी दिसते यापेक्षा ती किती खोल गेली, याला महत्त्व आले.

खानोलकरांनी रोग कुठे आणि कशाने होतो याचा माग काढला. ड्यूक्स यांनी रोगाचे पुढे काय होईल हे कसे ओळखायचे, ते दाखवले. आजच्या फाईलमध्ये या दोन्ही वाटा एकत्र आलेल्या असतात. फ्रान्सचे पिएर दनुआ यांनी १९४० च्या दशकात गाठ, ग्रंथी आणि दूरचा प्रसार या तीन गोष्टींवर आधारलेली टीएनएम पद्धत आखली. आंतरराष्ट्रीय कॅन्सरविरोधी संघाने १९६८ मध्ये तिची पुस्तिका काढून ती जगभर नेली. या संघाचे अध्यक्षपद त्याआधी खानोलकरांनी भूषवले होते.

पुढे काय होणार, हे कसे ठरते?

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर चार-पाच गोष्टी पाहतात. गाठ भिंतीत किती खोल आहे. किती ग्रंथींत रोग आहे. यकृत किंवा फुप्फुसात तो पोहोचला आहे का. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत का. पेशींची ग्रेड काय आहे.

स्टेजचा फरक किती पडतो? अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींनुसार मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर मूळ जागीच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर दहापैकी साधारण नऊ रुग्ण हयात असतात. तो जवळच्या ग्रंथींपर्यंत गेला असेल तर साधारण सात. दूरच्या अवयवांत पोहोचला असेल तर दहापैकी एक किंवा दोन. हे आकडे हजारो लोकांचे मिळून काढलेले असतात. एका माणसाचे भविष्य ते सांगत नाहीत. पण लवकर जाण्याने काय पदरात पडते, ते मात्र स्वच्छ सांगतात.

उशीर होण्याचे एक मोठे कारण मूळव्याध. शौचातून रक्त गेले की मूळव्याधच असणार, असे गृहीत धरले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण गुदाशयाच्या कॅन्सरचे पहिले लक्षण नेमके हेच असू शकते. काही आठवडे रक्त जात राहणे, शौचाची रोजची वेळ आणि सवय बदलणे, पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, वजन उतरणे, रक्त कमी होऊन दम लागणे यांपैकी काही असेल, तर तपासणी आवश्यक असते. डॉक्टरने बोटाने केलेली गुदाशयाची तपासणी एका मिनिटाची असते आणि खालच्या भागातल्या अनेक गाठी तिच्यात हाताला लागतात. लाजेपोटी ती टाळली जाते. त्यापुढची पायरी म्हणजे दुर्बिणीतून आतडे पाहणे आणि तुकडा तपासणे.

दुसरी भीती पोटावरच्या पिशवीची. गुदाशयाचे ऑपरेशन म्हणजे कायमची पिशवी, असे समजून अनेक जण घरी परततात. प्रत्यक्षात गाठ गुदद्वारापासून किती अंतरावर आहे, यावर ते ठरते. अनेकांना पिशवी लागत नाही, काहींना ती काही महिन्यांपुरतीच लागते. गाठ लवकर सापडली तर नैसर्गिक मार्ग वाचवण्याची शक्यता वाढते.

संस्था आणि माणसे कशी घडली?

एका माणसाच्या सूक्ष्मदर्शकाने देशाचे काम होणार नव्हते. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र सुरू झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. रुग्णालयाच्या गरजांपलीकडे जाऊन पेशी, रसायने, आनुवंशिकता यांचा अभ्यास करणारी ही संस्था होती. १९६२ मध्ये रुग्णालय आणि केंद्र अणुऊर्जा विभागाकडे आले, तर १९६६ मध्ये दोन्ही मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले.

या काळात त्यांच्या हाताखाली जी माणसे तयार झाली, त्यांत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे नाव ठळक आहे. त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी केली, अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभारली. ल. दा. संघवी यांनी कॅन्सरच्या आकडेवारीचे आणि आनुवंशिकतेचे काम पुढे नेले.

देशातल्या विकृतिशास्त्रज्ञांची संघटना बांधण्यातही खानोलकर पुढे होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणूनही नेमले. शंभराहून अधिक शोधनिबंध आणि कॅन्सर व कुष्ठरोगावरची पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. कुष्ठरोग आणि कॅन्सर हे दोन्ही त्या काळी समाजाने दूर ढकललेले रोग होते, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यांच्या अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या?

रुग्णालयात येतात ते सगळे रुग्ण नसतात. ज्याच्याकडे एसटीच्या भाड्याचे पैसे नाहीत, ज्या बाईला घरातून कोणी नेत नाही, ती माणसे रुग्णालयाच्या आकड्यांत दिसत नाहीत. टाटाच्या नोंदींवरून संपूर्ण देशाचे चित्र काढायला म्हणूनच मर्यादा होती.

ती भरून काढण्यासाठी एका ठरावीक भागातल्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाची नोंद ठेवावी लागते. अशी पहिली नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागासाठी अशी पहिली नोंदणी सुरू व्हायला १९८७ उजाडले. ती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत झाली. खेड्यातल्या कॅन्सरचा खरा आकडा हाती यायला खानोलकरांच्या पहिल्या निबंधानंतर चार दशके लागली.

पुणे जिल्ह्याचा संबंध काय?

खानोलकरांच्या पिढीने रुग्णालयात जे पाहिले, ते गावात जाऊन तपासण्याचे काम पुढच्या पिढीने केले आणि त्यासाठी पुणे जिल्हा निवडला गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता यांच्या पथकाने डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या साथीने जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघरी जाऊन एवढ्या लोकांची तोंडे तपासण्याचे काम जगातही विरळाच झाले होते.

तोंडातले पांढरे चट्टे आणि कॅन्सर प्रामुख्याने तंबाखूच्या सवयी असलेल्यांत दिसले. पुरुषांत तंबाखू-चुना आणि विडी, तर स्त्रियांत मिसरी. तव्यावर भाजून काळी केलेल्या तंबाखूची पूड म्हणजे मिसरी. दात घासायला म्हणून ती सुरू होते आणि मग दिवसातून तीन-चार वेळा लागते. लावणारी बाई तिला व्यसन मानत नाही, घरातलेही मानत नाहीत. भाजल्याने तंबाखूचे विष जात नाही आणि हिरडीला लावली तरी ती शरीरात जातेच.

मध्यंतरीच्या काळात पुरावा वाढत गेला. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने जाहीर केले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. साधी तंबाखू आणि मिसरी मात्र बंदीच्या बाहेरच राहिली.

अखेरची वर्षे आणि आजचा वारसा

डॉ. खानोलकर यांचे २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निधन झाले. एक वर्ष आधी लंडनमध्ये ड्यूक्स गेले होते. परळला टाटा रुग्णालयासमोरचा रस्ता शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाने ओळखला जातो. खानोलकरांचे नाव नवी मुंबईत खारघरला सापडते. टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संकुलातली इमारत खानोलकर शोधिका म्हणून ओळखली जाते. उपचार करणाऱ्याचे नाव रस्त्याला आणि शोध घेणाऱ्याचे नाव प्रयोगशाळेला, हे दोघांच्याही कामाला साजेसे आहे.

दरम्यान चित्र बदलते आहे. आयुर्मान वाढले, खाण्यात मैदा, साखर आणि तळलेले पदार्थ वाढले, हालचाल कमी झाली. खालच्या टोकाचे, म्हणजे मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे कॅन्सर शहरांत वाढताना दिसत आहेत आणि पन्नाशीच्या आतले रुग्णही येत आहेत. वरच्या टोकाचा प्रश्न सुटण्याआधीच खालच्या टोकाचा समोर आला आहे.

जुन्नर-आंबेगावसाठी याचा अर्थ काय?

तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, घास गिळताना अडकणे, आवाज बसून राहणे ही वरच्या टोकाची लक्षणे. शौचातून रक्त आणि शौचाच्या सवयीत बदल ही खालच्या टोकाची. यांची पहिली तपासणी करण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर तोंड पाहू शकतो, गुदाशय तपासू शकतो आणि पुढे पाठवू शकतो.

केसपेपर लिहिताना डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो. तंबाखू, विडी, मिसरी, सुपारी यांपैकी काय आणि किती वर्षे? अनेक पुरुष वर्षे कमी करून सांगतात. मिसरी लावणाऱ्या स्त्रिया तर बहुधा नाही म्हणूनच सांगतात, कारण त्यांच्या लेखी ती तंबाखू नसतेच. खानोलकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांना विचारलेला प्रश्न हाच होता आणि त्याच्या खऱ्या उत्तरांवरच त्यांचे संशोधन उभे राहिले. डॉक्टरने तोंडात नेमके कुठे पाहायचे, हेही याच उत्तरावरून ठरते.